आधी नमुना, मग केक

मिस्त्रीणबाईंनी सकाळी ओव्हनचं दार उघडलं मात्र, नवरा आणि मुलगी दोन खोल्यांतून एकदम ओरडले, "नको!"

"अगबाई! काय नको? पाल शिरलीय का आत?"

"आज ओव्हन लावायचा नाही," मिस्त्री दारात येऊन म्हणाले.

"का? बिघडलाय?"

"नाही."

"मग?"

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. मुलीने कपाळाला हात लावला. बाबांना एवढंच काम दिलं होतं, की आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढा, आणि तेही बोलून नाही, नुसतं उभं राहून. शेवटी तीच पुढे झाली. "आई, आज तुझा वाढदिवस आहे. आज तू केक करायचा नाहीस."

"मी नाही करायचा तर मग कोण करणार? तुझे बाबा?" असं म्हणून मिस्त्रीणबाई स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसल्या. लेकीच्या वाढदिवसासाठी मुद्दाम राहायला आलेल्या मिस्त्रींच्या सासूबाई बाहेर सोफ्यावर बसल्या होत्या, त्याही पदराआड न लपता मोकळेपणाने हसल्या. हसले नाहीत ते एकटे मिस्त्री, कारण केक खरोखरच ते करणार होते.

आता मिस्त्री म्हणजे छतांचे मिस्त्री. लोकांच्या दिवाणखान्यात मान वर केली की जी प्लास्टरची वेलबुट्टी दिसते, मधोमध दिवा लटकवायला जे गोल फूल असतं, ते सगळं ह्यांच्या हातचं. हात असा, की पाकळी पाहून भुंग्याने फसावं. पण तोंड? तोंडाच्या नावाने शिमगासुद्धा करता येणार नाही, इतकं ते बंद. लग्नाआधी मुलगी बघायला गेले तेव्हा तासभर बसून एकच वाक्य बोलले होते, "तुमच्या छताला ओल येतेय." आणि दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आले आणि ती ओल काढून दिली. सासूबाईंनी त्याच दिवशी निकाल दिला होता, "पोरगा कामाचा आहे. फक्त बोलायचं काम त्याला सांगू नका."

अशा माणसाच्या घरात केक मात्र वर्षभर असायचे. मुलीचा वाढदिवस, भावाचा वाढदिवस, आईचा, नवऱ्याचा, शेजारच्या काकूंचा, कुणाचाही असो, केक मिस्त्रीणबाई करणार. त्याच भाजणार, त्याच सजवणार, त्याच कापून बश्यांत वाढणार. आणि सगळ्यांचं झालं की त्यांचा स्वतःचा तुकडा. त्याच वेळी नेमकं कुणीतरी दार वाजवायचं, "अरे, वाढदिवस का आज?" आणि तो तुकडा त्या पाहुण्याच्या बशीत जायचा. बरं, त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाला तरी वेगळं काही? छे! त्या दिवशीही अंडी फेटत उभ्या त्याच.

गेल्या वर्षी त्यांच्याच वाढदिवशी मिस्त्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर बायको ओट्यापाशी उभं राहून केकचं रिकामं भांडं चमच्याने खरवडत होती.

"हे काय?"

"अहो, मला खरवडच आवडते."

मिस्त्रींना हे काही पटलं नाही. जगात खरवड आवडणारं माणूस अजून जन्माला यायचंय. जन्माला येतात ती दुसऱ्यांना वाढून दमलेली माणसं. आपण काहीतरी बोलायला हवं असं त्यांना फार वाटलं. बायकोकडे बघून त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले, "पाणी दे."

त्या दिवसापासून हे त्यांच्या मनात सलत होतं. तोंडाने जमत नाही तर हाताने सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या वाढदिवसाला हिने बोटही लावलेलं नाही असा केक हिच्यापुढे ठेवायचा. आणि पहिला घास हिचा, बाकीचं जग नंतर. वर्षभर ते ह्या एका गोष्टीची वाट बघत होते.

पण मिस्त्रींच्या कारखान्याचा एक नियम होता. आधी नमुना, मग काम. गिऱ्हाईकाच्या छताला हात लावण्याआधी त्याच मापाचं फूल प्लास्टरमध्ये करून बघायचं. जमलं तर पुढे, फसलं तर हातोडीने फोडून टाकायचं; फसलेला नमुना कारखान्यात उभा ठेवायचा नाही, लोक तोच आठवणीत ठेवतात. हा नियम त्यांनी केकलाही लावला. गेले कित्येक दिवस काम संपल्यावर ते प्लास्टरचे केक करत बसायचे आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जो त्यांच्याच हाताखाली काम करायचा, तो ते फोडत बसायचा.

"भाऊजी, हा तर चांगला झालाय की!"

"गुलाब डावीकडे बघतोय. फोड."

मेहुण्याचा खांदा भरून आला, पण शेवटी वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जो नमुना झाला तो पाहून त्याने आपण होऊन हातोडी खाली ठेवली. पांढराशुभ्र गोल, कडेने नागमोडी झालर, वर गुलाबी रंगाने रंगवलेले गुलाब. मिस्त्रींनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "हं." मिस्त्रींच्या तोंडून 'हं' येणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून भाषण येणं. तो नमुना समोर ठेवून दुसऱ्या दिवशी खरा केक करायचा ठरलं.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने साधा गोल केक भाजून दिला, क्रीम फेटून दिलं, आणि मिस्त्रींनी कारखान्यात नव्या कोऱ्या पिशवीच्या टोकातून ते नमुन्याबरहुकूम केकवर काढलं. गुलाबाला गुलाब जुळला. आता इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण जन्मभर प्लास्टर केलेल्या माणसाने काम संपल्यावर काय करावं? तो ते वाळायला ठेवतो! मिस्त्रींनी केक उचलला आणि खिडकीत, उन्हाच्या तिरिपेत, मोठ्या पंख्यासमोर नेऊन ठेवला. मधूनमधून येऊन करंगळीने बघत होते, धरलं का म्हणून. क्रीम काही धरेना. "भेसळीचा माल दिसतोय," ते पुटपुटले आणि पंखा आणखी जवळ ओढला.

संध्याकाळपर्यंत केकने एक खांदा पाडला होता. गुलाब एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि झालर घसरून ताटलीत आली होती. पण मिस्त्रींच्या लेखी तो बिघडलेला नव्हता, फक्त ओला होता. फडताळावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ते मेहुण्याला म्हणाले, "मी अंघोळ करून येतो. केक खोक्यात भर. नमुना फोडून टाक, उगाच कुणी बघायला नको. आणि केकला बोट लावलंस तर बोट राहणार नाही."

आता त्या बिचाऱ्या मेहुण्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. त्याच्यापुढे दोन वस्तू होत्या. एक देखणी, ताठ, रेखीव. दुसरी ढेपाळलेली. दिवसभर गिऱ्हाईकाच्या कामावर असल्याने केक होताना त्याने पाहिला नव्हता, आणि कालचा ओला नमुना रात्रीतून बसला असणार असं त्याने धरलं. खरं काम कुठलं आणि फसलेला नमुना कुठला, हे ठरवायला अक्कल लागत नाही. वासावरून कळलं असतं म्हणाल, तर प्लास्टरची पूड खाऊन खाऊन त्याचं नाक केव्हाच निवर्तलं होतं. बोट लावायची बंदी होती. त्याने देखणा केक ताटलीसकट अलगद उचलला. चांगलाच जड लागला. 'भाऊजींनी माल घालताना हात आखडला नाही,' असं मनात म्हणत त्याने तो खोक्यात ठेवला आणि वर लाल फीत बांधली.

मिस्त्री अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले, खोकं उचललं आणि स्कूटरवर पायांशी ठेवून निघाले. वजन त्यांना जाणवलं नाही. ज्याने आयुष्यभर प्लास्टरच्या गोण्या वाहिल्या त्याला केक काय आणि चेंडू काय!

इकडे मेहुण्याने बाह्या सरसावल्या. फसलेला नमुना फडताळावरून काढून नव्या घमेल्यात ठेवला, हातोडी फडक्याने पुसली, कारण हत्यार पुसल्याशिवाय वापरायचं नाही हाही कारखान्याचा नियम होता, आणि दणकन घाव घातला.

खण् असा आवाज यायला हवा होता. आला फच्! हातोडी दांड्यापर्यंत आत गेली आणि मेहुण्याच्या भुवया, नाक, सदरा सगळं पांढरं झालं. मग त्याने जिभेने ओठ चाटला. गोड लागला.

"मेलो!" तो ओरडला. त्याने भाऊजींना फोन लावला. फोन तिथेच टेबलावर वाजला. मिस्त्री फोन विसरून गेले होते. मग त्याने घमेलं उचललं, छातीशी धरलं आणि तसाच रस्त्याने पळत सुटला. ओळखीचे लोक थांबून विचारत होते, "काय रे, कुठे स्लॅब पडतोय का?"

घरी तोपर्यंत खोकं उघडलं गेलं होतं. शेजारच्या काकू हातातला चहाचा कप तोंडाकडे न्यायच्या विसरल्या होत्या. मुलगी आनंदाने टाळ्या वाजवायची थांबून आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. मिस्त्रीणबाई टेबलापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हा... हा तुम्ही केलात?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"माझ्यासाठी?"

मिस्त्रींनी पुन्हा मान हलवली. सासूबाई उठल्या, चष्मा पुसून केकवर वाकल्या, आणि इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला जे जे काही बोलले असेन ते सगळं परत घेते."

मिस्त्रींना वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोच्या हातात सुरी दिली. बायकोने ताटलीत लावलेली मेणबत्ती विझवली, सुरी गुलाबांच्या मधोमध टेकवली आणि दाबली.

टक्.

हा आवाज मिस्त्रींना झोपेतसुद्धा ओळखू आला असता. हा नमुना आहे! मग केक... केकचं काय झालं असेल हे त्यांना लगेच कळलं, कारण मेहुण्याला हुकूम त्यांनीच दिला होता. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी बायकोकडे बघितलं, तर ती अजून डोळे पुसत होती. सासूबाई अजून कौतुकाने बघत होत्या. काही केल्या तोंड उघडेना. आधीच उघडत नसे, आता तर कुलूपच लागलं.

"फ्रीजमध्ये ठेवला होतात का हो?" मिस्त्रीणबाईंनी जोर लावत विचारलं.

"हं," मिस्त्री म्हणाले. हा 'हं' कौतुकाचा नव्हता.

"थांबा, मी माझी मोठी सुरी आणते, भोपळ्याची!" असं म्हणून काकू पळाल्या आणि घेऊन आल्यासुद्धा. भोपळ्याच्या सुरीने वरचा एक टवका उडाला आणि सोफ्याखाली गेला. काकूंनी मिस्त्रींकडे बघितलं. सासूबाईंनी काकूंकडे बघितलं. "माझा वाटा जरा चहात भिजवून द्या," सासूबाई हळूच म्हणाल्या, "ह्या दातांचा काही भरवसा नाही."

"अगं, काही नाही, थोडा जास्त भाजला गेलाय," मिस्त्रीणबाई घाईघाईने सगळ्यांना सांगू लागल्या. "पहिल्यांदा होतंच असं. माझा पहिला केक काय झाला होता! ओव्हनच्या आचेचं गणित लगेच थोडंच जमतं? चवीला चांगलाच असणार." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी एका गुलाबाची कोपऱ्यावरची पाकळी टचकन मोडली आणि तोंडात टाकली.

करकर असा आवाज सगळ्यांनी ऐकला. मिस्त्रीणबाईंचे डोळे किंचित मोठे झाले. मग त्यांनी नवऱ्याकडे बघून हसून मान डोलावली.

"छान झालाय हो!" त्या म्हणाल्या.

आणि मिस्त्रींच्या तोंडाचं कुलूप तुटलं. "थुंक!" ते इतक्या जोरात ओरडले की काकूंच्या हातून भोपळ्याची सुरी पडली. "थुंक आधी! प्लास्टर आहे तो! नमुना आहे! खरा केक त्या गाढवाने फोडला! चूळ भर, अगं चूळ भर!" मिस्त्री एका दमात इतकी वाक्यं बोलतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मिस्त्रीणबाई धावत मोरीकडे गेल्या आणि मिस्त्री तांब्या घेऊन त्यांच्या मागे.

"मी म्हटलं नव्हतं, शब्द परत घेते?" सासूबाई म्हणाल्या. "ते सगळे पुन्हा आपापल्या जागी ठेवा."

त्याच वेळी दार धाडकन उघडलं. दारात एक पांढरं भूत उभं होतं आणि त्याच्या हातात घमेलं होतं.

"खाऊ नका!" भूत धापा टाकत म्हणालं.

"खाऊन झालं," मुलगी म्हणाली. "ये मामा, बस."

मेहुण्याने घमेलं टेबलावर ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. मिस्त्री मान खाली घालून उभे होते. वर्षभर वाट बघितली, आणि बायकोच्या तोंडात पहिला घास गेला तो मातीचा! त्यांचा चेहरा असा उतरला होता की मेहुण्यालाच राहवलं नाही. "ताई, भाऊजींना काही बोलू नकोस. किती दिवस झाले, रोज केकच करतायत. प्लास्टरचे. गुलाब डावीकडे बघतोय, फोड. झालर जाड झालीय, फोड. माझ्या खांद्याला विचार! आणि मी विचारलं ना एवढं कशासाठी, तर म्हणाले, तिला खरवड खावी लागते."

मिस्त्रीणबाई चूळ भरून, ओल्या तोंडाने तिथेच उभ्या राहिल्या. "म्हणून रोज उशीर होत होता? आणि मी आपली चिडचिड करत होते, की ह्या माणसाला घर आहे की नाही."

मुलीने उठून चमचे आणले. कापायला केक उरलाच नव्हता. वाढायला तुकडे नव्हते, कुणाचा मोठा नि कुणाचा लहान हा प्रश्न नव्हता. मुलीने पहिला चमचा आईच्या हातात दिला आणि आईला खुर्चीत बसवलं. मिस्त्रीणबाईंनी घमेल्यात चमचा घातला, क्रीम आणि केक आणि चिरडलेला अर्धा गुलाब एकदम तोंडात घातला आणि डोळे मिटले. सगळे थांबले होते. "आता खा ना तुम्हीही," त्या तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या, आणि मग घमेल्याभोवती चमच्यांची झुंबड उडाली. काकू खुर्ची ओढून बसल्या. सासूबाईंना चहाची गरज पडली नाही.

"पण ताई," मेहुणा मध्येच म्हणाला, "प्लास्टर खाल्लंस आणि तुला कळलं कसं नाही?"

"कळलं की. न कळायला काय झालं? पहिल्याच चाव्याला कळलं, हे काहीतरी भलतंच आहे."

"मग छान झालाय कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणू? एवढ्या हौसेने केलं होतं त्यांनी."

मिस्त्रींनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "मीठ."

"क्रीमला?" काकूंनी विचारलं.

"हिने एकदा घातलं होतं. साखरेऐवजी. पोरगी नुकती शाळेत जायला लागली होती, तेव्हाच्या तिच्या वाढदिवसाला."

"मी? शक्यच नाही!" मिस्त्रीणबाई ताठ झाल्या. "मला तो केक चांगला आठवतोय. मी कपडे बदलून बाहेर येईपर्यंत तुम्ही तो संपवला होतात! पाहुणे यायच्या आधी! मी रुसलेसुद्धा होते. इतका आवडला म्हणून मग मनात खूशही झाले होते."

"पोरीने एक घास घेतला आणि रडायला लागली," मिस्त्री म्हणाले. "मग मी बघितला खाऊन."

"आणि?"

"लोक येणार होते. तू आदल्या दिवसापासून राबत होतीस."

"म्हणून तुम्ही तो सगळा...? अहो, अख्खा?"

"लहान होता तसा."

"आणि मग रात्रभर उठून उठून पाणी पीत होतात ते!" मिस्त्रीणबाईंचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं मी जगाला सांगत फिरतेय, ह्यांना माझा केक इतका आवडतो की एकदा अख्खा खाल्ला म्हणून! कधीतरी बोलायचं तरी! बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं.

"तू तरी मघाशी कुठे बोललीस?"

सासूबाईंनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसल्या. मुलगी खिडकीकडे बघू लागली. मेहुण्याने तेवढ्यात संधी साधून घमेल्यातल्या उरलेल्या गुलाबाकडे चमचा पुढे केला. मिस्त्रीणबाईंनी तो चमचा फटकन बाजूला सारला, घमेलं दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतलं आणि नवऱ्याकडे बघत बघत, कुणाला एक घासही न वाढता, एकट्याच शेवटपर्यंत खात राहिल्या.